ओबामा-हिलरी, हिलरी-ओबामा, की जोडीला तिसराच कोणी?

एडिसनकर | ११ मार्च २००८

आधीच्या धाग्याची पानं फार झाली आणि तिथे न्यू हॅम्पशायरचं रडणं अजून संपत नाहीये, म्हणून हा नवा काढतोय. जुनी भांडणं तिथेच सोडून या.

डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत प्रायमरी (पक्षांतर्गत मतदान) चालू आहे. त्यातलं ओहायो आणि टेक्सास झाल्यापासून हिलरीबाईंनी नवा सूर लावलाय: आम्ही दोघं एकाच तिकिटावर येऊ शकतो, फक्त वर नाव कोणाचं ते ठरायचंय. बिलसाहेब मिसिसिपीत जाऊन म्हणाले, हे दोघं एकत्र आले तर यांना अडवणारं कोणी नाही. काल ओबामाने त्याच राज्यात, कोलंबस नावाच्या गावात, उत्तर दिलं. राज्यं माझी जास्त, मतं माझी जास्त, डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) माझे जास्त, मग दुसऱ्या नंबरवरचा माणूस पहिल्या नंबरवरच्याला उपाध्यक्षपद कसं काय देऊ करतो? पंगतीत मागून आलेल्याने आधीपासून बसलेल्याला ‘या, बसा, लाजू नका’ म्हणावं, तसला प्रकार.

त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. गेले दहा दिवस तुम्ही टीव्हीवर व्हाइट हाउसात पहाटे तीनला वाजणाऱ्या संकटाच्या फोनची जाहिरात दाखवताय. हा मनुष्य तो फोन उचलायला लायक नाही, असं सुचवताय. अहो, उपाध्यक्षाचं मुळात कामच ते! अध्यक्षाला काही झालं तर दुसऱ्या मिनिटाला फोन याच्याच हातात. मग नालायक माणूस तिथे चालतो कसा?

माझं मत सांगून टाकतो. ही जोडी होणार नाही आणि होऊही नये. बोला.

पुणेरी_पाटी | १२ मार्च

इकडे पुण्यात बसून वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे तिकीट कोणाला ते दिल्लीत ठरतं, शेवटच्या रात्री एबी फॉर्म निघतो आणि सकाळी बंडखोर उभा राहतो. दोन दिवसांत विषय संपतो. तुमच्याकडे जानेवारीपासून चाललंय आणि अजून निकाल नाही. ज्याची राज्यं जास्त तो जिंकला, असं सरळ का नाही?

हिशेबनीस | १२ मार्च

@पुणेरी_पाटी, राज्य ‘जिंकणं’ हा इथे निव्वळ टीव्हीवाल्यांचा खेळ आहे. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, आणि बरेचसे मतदारसंघवार. एखाद्या मतदारसंघात चार डेलिगेट असतील तर ५५ टक्के मिळवूनही वाटणी २-२ च. तिसरा खेचायचा तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. तीन डेलिगेट असतील तर मात्र एका मताने पुढे असलात तरी २-१.

आता गंमत बघा. ५ फेब्रुवारीला हिलरीने आमच्या एडिसनकरांचं न्यू जर्सी दहा टक्क्यांनी मारलं. निव्वळ आघाडी ११ डेलिगेट. त्याच रात्री ओबामाने आयडाहो घेतलं, तिथे कॉकसला (मतपेटीऐवजी सभेला जमून कौल देतात ती पद्धत) सगळी मिळून एकवीस हजारांच्या आसपास माणसं. निव्वळ आघाडी १२. म्हणजे बटाट्याच्या राज्याने न्यू जर्सी खाऊन वर ढेकर दिला. हिलरीच्या लोकांनी मोठ्या राज्यांकडे लक्ष दिलं आणि छोटी कॉकसवाली राज्यं जवळजवळ सोडून दिली. फेब्रुवारीत ओबामाने लागोपाठ अकरा जिंकली, ती तशी.

रिपब्लिकनांचं उलटं. बऱ्याच राज्यांत जिंकला त्याला सगळंच. मॅककेनने २९ जानेवारीला फ्लोरिडा थोडक्यात जिंकलं आणि सगळे ५७ डेलिगेट उचलले. दहा दिवसांत प्रतिस्पर्धी रॉमनी घरी. त्यामुळे मॅककेनला आता निवांत रनिंग मेट (उपाध्यक्षपदाचा जोडीदार) शोधायला सहा महिने आहेत.

टेक्सास_ताई | १२ मार्च

कॉकसचं नाव काढू नका, माझा राग अजून गेला नाहीये. गेल्याच वर्षी नागरिकत्व घेतलं, पहिलंच मतदान, हौसेने गेले. आमच्याकडे दोनदा मत द्यावं लागतं हे कितीजणांना माहीत आहे? दिवसा प्रायमरी, त्यावर १२६ डेलिगेट. मतदान संपल्यावर सव्वासातला परत तिथेच कॉकस, त्यावर ६७.

ह्यूस्टनच्या बाहेर आमचं केंद्र शाळेच्या कॅफेटेरियात. चाळीस माणसं येतील या हिशेबाने दोन टेबलं मांडलेली, आणि रांग पार पार्किंगपर्यंत. बोलावणारे गृहस्थच आले नाहीत, म्हणून आधी अध्यक्ष निवडा. एका आजींनी हात वर केला, त्याच अध्यक्ष. सह्यांचे कागद संपले, मग कोणीतरी वहीची पानं फाडून हाताने रकाने आखले: नाव, पत्ता, मतदार क्रमांक, उमेदवार. पेन तर लोक आपापल्या पर्समधून काढत होते. माझ्या पुढे एक नर्सबाई होत्या, गणवेशातच. दिवसा हिलरीला मत देऊन आल्या होत्या. साडेआठपर्यंत रांग जेमतेम निम्मी सरकली, त्यांची रात्रपाळी नऊची. गेल्या बिचाऱ्या. त्यांचं अर्धं मत तिथेच वाया गेलं. नवरा ग्रीनकार्डवाला, तो बाहेर गाडीत झोपलेल्या मुलाला सांभाळत दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ विचारतोय.

हिलरीने प्रायमरी जिंकली, कॉकसमध्ये ओबामा पुढे आहे आणि बेरीज केली तर टेक्सासचे डेलिगेट त्यालाच जास्त पडणार. मी त्याचीच समर्थक आहे, तरी सांगते, हे मला बरं नाही वाटलं.

खवचट_काका | १२ मार्च

उगाच कोणी ओबामाला साधुपुरुष करू नका. गेल्या जूनमध्ये यांच्याच कचेरीतून कागद फुटला होता, हिलरीबाईंचा उल्लेख काय तर ‘पंजाबच्या डेमोक्रॅट’! भारतीयांकडून देणग्या घेतात, आउटसोर्सिंगवर गप्प बसतात, म्हणून. मग साहेबांनी ‘मूर्खपणाची चूक’ म्हणून हात झटकले. देशी मंडळी विसरली वाटतं. दिवे घ्या.

रानजाई | १३ मार्च

खवचट काकांना अनुमोदन, आयुष्यात प्रथमच.

मी हिलरीसाठी शनिवार-रविवार फोन करते, तेव्हा माझी बाजू ठरलेली आहे. पण एडिसनकरांचा ‘होऊही नये’ पटला नाही. दोघांमध्ये जेमतेम शंभर-सव्वाशे डेलिगेटचा फरक. निम्मा पक्ष एकीकडे, निम्मा दुसरीकडे. अशा वेळी हरणाऱ्याला सोबत घेतलं नाही तर त्याची माणसं नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत घरी बसतील. हे काही मी आज शोधून काढलेलं नाही, १९६० मध्ये केनेडींनी जॉन्सनना घेतलंच की.

जुना_जाणता | १३ मार्च

रानजाईताई, केनेडी-जॉन्सनचं उदाहरण प्रत्येकजण देतो, पण पुरतं कोणी सांगत नाही. लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात जॉन्सन दुसरे आले. केनेडींनी त्यांना विचारलं आणि धाकटे केनेडी, रॉबर्ट, पुन्हा पुन्हा जॉन्सनच्या खोलीत जाऊन ‘नाही म्हणा’ असं सुचवत होते. प्रेमाने जुळलेली जोडी नव्हती ती. पण जॉन्सन टेक्सासचे, अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळात टेक्सासची २४ मतं होती आणि टेक्सास केनेडींनी जेमतेम दोन टक्क्यांनी जिंकलं. जॉन्सन नसते तर गेलंच होतं. हिलरीचं न्यू यॉर्क ओबामाला तसंही मिळणार आहे. हिलरी त्याला नवीन राज्य कोणतं देणार?

१९८० चं मात्र मी स्वतः पाहिलं. ॲन आर्बरला होतो, अधिवेशन शेजारी डेट्रॉइटला. थोरल्या बुशनी प्रायमरीत रेगनच्या अर्थनीतीला जादूटोणा म्हटलं होतं, रेगनना ते खुपत होतं. त्यांना हवे होते माजी अध्यक्ष फोर्ड. सगळी संध्याकाळ वाटाघाटी चालल्या. फोर्ड टीव्हीवर बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइटसमोर बसून अशा काही अटी बोलले की क्रॉन्काइटनेच विचारलं, हे म्हणजे दोन अध्यक्ष झाले की! रेगन खोलीत बसून ते बघत होते म्हणतात. मध्यरात्रीच्या सुमाराला फोर्डचं फिसकटलं आणि मग बुशना फोन गेला. आम्ही चौघं विद्यार्थी तोवर दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेला मुकण्याच्या बेतात.

सांगायचं काय, तर दुसऱ्या नंबरवाल्याला मानाने कधी बोलावत नाहीत. बाकी दारं बंद झाली की बोलावतात.

एडिसनकर | १३ मार्च

जाणते काका, २००४ विसरलात. केरीने दुसऱ्या आलेल्या एडवर्ड्सला घेतलं. त्याचं नॉर्थ कॅरोलिना मिळालं का? नाही. पक्ष एक झाला का? तो आधीच एक होता.

मिशिगनमामा | १४ मार्च

आमच्याकडे कोणी लक्ष देणार आहे का? नियम मोडून १५ जानेवारीला मतदान घेतलं म्हणून पक्षाने मिशिगनचे सगळे डेलिगेट रद्द केले. ओबामाने तर मतपत्रिकेवरून नावच काढून घेतलं. बर्फात गाडी काढून गेलो तर समोर मोठ्या नावांपैकी पर्याय काय: फक्त हिलरी, किंवा ‘कोणालाही बांधील नाही’. आम्ही दोघांनी ‘कोणालाही नाही’ला मत दिलं. तब्बल ४० टक्के लोकांनी तेच केलं. आता हिलरीबाई म्हणतात, मिशिगनची मतं मोजा. माझं मत कोणाच्या खात्यात मोजणार?

पुणेरी_पाटी | २२ मार्च

रिचर्डसन काल ओबामाकडे गेले ना? क्लिंटनच्या मंत्रिमंडळातला माणूस. आता तोच रनिंग मेट का?

खवचट_काका | २२ मार्च

क्लिंटनचा जुना सल्लागार कार्व्हिल त्यांना यहूदा म्हणाला, येशूला दगा देणारा तोच. ऐन ईस्टरच्या तोंडावर. उपाध्यक्षपद मिळो न मिळो, क्रूस नक्की.

हिशेबनीस | ७ मे

धागा महिनाभर झोपला होता, उठवतो. पेनसिल्व्हेनिया हिलरीने नऊ टक्क्यांनी घेतलं, ठीक. शनिवारी ग्वाम बेटावर ओबामा सात मतांनी जिंकला. सात! तिथल्या एखाद्या कुटुंबाने सहल काढली असती तर निकाल फिरला असता. पण काल खरा निकाल लागला. नॉर्थ कॅरोलिना त्याने मोठ्या फरकाने, इंडियाना तिने एका टक्क्याने. मध्यरात्रीनंतर पत्रकार टिम रसर्टने टीव्हीवर सांगून टाकलं, उमेदवार कोण ते आता कळलं. उरलेली सगळी राज्यं तिने ६०-४० ने मारली तरी भरून निघत नाही. सुपरडेलिगेट मंडळी (प्रायमरीच्या निकालाला बांधील नसलेले पक्षाचे पदाधिकारी, खासदार वगैरे) आठशेच्या आसपास आहेत, तीही हळूहळू सरकतायत.

तेव्हा आता रनिंग मेटवर या.

रानजाई | ७ मे

टिम रसर्टला कोणी मत दिलं होतं?

टेक्सास_ताई | २६ मे

मॅककेनने या लाँग वीकेंडला ॲरिझोनात आपल्या घरी रॉमनी, फ्लोरिडाचे गव्हर्नर क्रिस्ट आणि लुइझियानाचा गव्हर्नर, आपला बॉबी जिंदल यांना बोलावलंय. मांस भाजायला बोलावलं म्हणे, पण सगळे समजून आहेत. आमच्या कॉलनीतल्या व्हॉलीबॉलच्या कट्ट्यावर काल एकच चर्चा. ‘आपला माणूस’ व्हाइट हाउसात!

एडिसनकर | २६ मे

आपला कसला? वय ३६, गव्हर्नर होऊन पाच महिने झाले नाहीत. पीयूषचा बॉबी झाला ते सोडून द्या, त्याची मर्जी. पण गर्भपातापासून बंदुकांपर्यंत त्याच्या एकाही मताशी इथल्या निम्म्या देशी मंडळींचं जमणार नाही. आडनाव बघून मत द्यायचं?

पुणेरी_पाटी | २७ मे

आडनाव बघूनच देतात हो. गेल्या वर्षी प्रतिभाताई उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेना भाजपबरोबर असूनही ‘मराठी माणूस’ म्हणून त्यांना मतं देऊन मोकळी झाली. शेखावत बघत राहिले. तेव्हा आम्ही सगळे खूश होतो, तुम्हीही असाल. मग लुइझियानाच्या पंजाब्याला नावं का ठेवता?

एडिसनकर | २७ मे

राष्ट्रपतीच्या हातात गर्भपाताचा कायदा नसतो, सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुका नसतात. इथे असतात. हा फरक लहान नाही.

खवचट_काका | २७ मे

मला जिंदल चालेल. निदान न्यूजवाल्यांना एक देशी नाव नीट उच्चारता येईल. माझं येत नाही, तीस वर्षं झाली.

मिशिगनमामा | १ जून

काल वॉशिंग्टनच्या हॉटेलात पक्षाच्या नियम समितीने दिवसभर खल करून आमचा निकाल लावला. मिशिगनचे डेलिगेट बसणार, पण प्रत्येकाला अर्धं मत. वाटणी ६९ हिलरीला, ५९ ओबामाला. ज्याचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं त्याला ५९! कुठून आले? ‘कोणालाही नाही’ची मतं, मतदानोत्तर पाहणी, आणि लोकांनी कोऱ्या जागेत हाताने लिहिलेली, मोजलीच न गेलेली नावं, असं सगळं एकत्र ढवळून. याच कारणाने शिक्षा झालेल्या फ्लोरिडालाही अर्धं. त्यामुळे जिंकायचा आकडा २०२५ वरून २११८ वर गेला.

मी ओबामाचाच आहे. तरीही मामींना हे समजावून सांगताना माझी मलाच लाज वाटली.

रानजाई | १ जून

धन्यवाद मामा. तुमच्या बाजूच्या एकाने तरी हे म्हटलं.

आणि आज प्वेर्तो रिकोत हिलरी दोनास एक मतांनी जिंकली आहे. तिथले लोक प्रायमरीत मत देऊ शकतात, नोव्हेंबरात नाही, हा अजून एक विनोद.

हिशेबनीस | ४ जून

संपलं. काल रात्री ओबामाने २११८ ओलांडले. साउथ डकोटा हिलरीने जिंकलं, मोंटाना त्याने. तिने हार मानली नाही, पण उपाध्यक्षपदाला आपली ना नाही असं न्यू यॉर्कच्या खासदारांना सांगितल्याचं बाहेर आलंय.

रानजाई | ८ जून

काल हिलरीचं माघारीचं भाषण सगळं ऐकलं. सर्वांत उंच, सर्वांत कठीण काचेच्या छताला एक कोटी ऐंशी लाख तडे. माझाही एक.

आता मला कोणीतरी नीट सांगा. एक कोटी ऐंशी लाख माणसं रांगेत उभी राहिली, टेक्सासताईंसारखी वहीच्या पानांवर सह्या करून आली, आणि देशातल्या दुसऱ्या नंबरच्या पदाची निवड कोण करणार? एक माणूस, तीनजणांची समिती नेमून, बंद खोलीत. पुणेरी पाटी एबी फॉर्मबद्दल म्हणाले तेव्हा हसलो आपण. हा एबी फॉर्मच झाला की.

जुना_जाणता | ८ जून

ताई, पक्षाच्या नियमाने उपाध्यक्षाचा उमेदवारही अधिवेशनच निवडतं. १९५६ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार स्टीव्हन्सननी खरंच अधिवेशनावर सोडलं होतं. केफॉव्हर आणि तरुण केनेडी यांच्यात चुरस झाली, केनेडी थोडक्यात हरले. त्यानंतर कोणी तो धोका पत्करला नाही. का? कारण नको तो माणूस गळ्यात पडला की चार वर्षं सोसावा लागतो.

बंद खोलीबद्दल मात्र तुमच्यापेक्षा माझं मत कडक आहे. खोली बंद असावीच, पण आत काम झालं पाहिजे. १९७२ मध्ये मी नवा नवा आलो होतो. डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्ननी ईगलटन नावाच्या सिनेटरला घाईघाईत घेतलं, फोनवर दोन मिनिटं विचारपूस करून. मग बाहेर आलं की त्यांना नैराश्यासाठी विजेचे झटके दिले होते. मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के यांच्या पाठीशी आहे, आणि थोड्याच दिवसांत काढून टाकलं. ईगलटन तिकिटावर होते एकूण १८ दिवस. त्यांच्या जागी श्रायव्हर आले, पण तोवर सगळं गेलं होतं. पुढे एकच राज्य मिळालं, मॅसॅच्युसेट्स.

एडिसनकर | ९ जून

आणि त्याच तपासणीत हिलरी अडकणार आहे. तिचं नाही, बिलसाहेबांचं. त्यांच्या ग्रंथालयाला आणि संस्थेला कोणी कोणी पैसे दिले ती यादी आजवर जाहीर नाही. रनिंग मेटच्या नवऱ्याचे हिशेब उघडावे लागतात. उघडतील?

शिवाय व्यवहाराचं बोला. उपाध्यक्षाच्या घरी एक माजी अध्यक्ष राहतोय. बैठकीत ओबामा काही म्हणाला, की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘क्लिंटन यांच्या निकटवर्तीयांचं मत वेगळं’. तीन अध्यक्ष होतील. १९८० मध्ये क्रॉन्काइटला दोनाचीच भीती वाटली होती.

रानजाई | ९ जून

म्हणजे बाई कितीही कर्तबगार असली तरी शेवटी ‘तिच्या नवऱ्याचं काय?’ इथेच गाडी. एडिसनकर, हे वाक्य तुम्ही जिंदलबद्दल लिहिलं असतंत का? त्याच्या बायकोच्या देणगीदारांची यादी मागितली असतीत?

एडिसनकर | ९ जून

त्याची बायको आठ वर्षं अध्यक्ष असती तर मागितली असती.

संयोजक | ९ जून

दोघांनाही विनंती: मुद्द्यावर बोला, एकमेकांवर नको.

खवचट_काका | १२ जून

ओबामाच्या समितीचा मुख्य जिम जॉन्सन, त्यानेच काल राजीनामा दिला. गृहकर्ज स्वस्तात घेतलं म्हणे. उमेदवार तपासणाऱ्याला तपासायचं कोणी, यासाठी आता वेगळी समिती नेमा.

टेक्सास_ताई | २८ जून

न्यू हॅम्पशायरच्या युनिटी नावाच्या गावात दोघांनी काल एकत्र सभा घेतली. त्या गावात जानेवारीत दोघांना बरोबर १०७-१०७ मतं पडली होती! असं गाव शोधून काढणाऱ्याचं कौतुक वाटलं. पण फोटोत दोघांच्या हातांमधलं अंतर बघा. ही जोडी होत नाही.

हिशेबनीस | ३० जुलै

ओबामाच्या रनिंग मेटची यादी आता आखडत आलीय. व्हर्जिनियाचे सिनेटर वेब स्वतःच बाहेर. ओहायोचे गव्हर्नर स्ट्रिकलंड तर ‘निवडून आलो तरी काम करणार नाही’ या थाटात नाही म्हणाले. उरले केन, बाय, बायडन, कॅन्ससच्या सिबेलियसबाई.

केन: व्हर्जिनियाचे गव्हर्नर, १३ मतं. ते राज्य १९६४ नंतर डेमोक्रॅटांना मिळालेलं नाही. पण परराष्ट्राचा अनुभव शून्य, म्हणजे पहाटे तीनचा प्रश्न दोघांनाही लागू.
बाय: हिलरीचे समर्थक, इंडियाना, ११ मतं. पण त्यांची सिनेटची जागा रिकामी झाली तर तिथला गव्हर्नर रिपब्लिकन, नेमणूक तोच करणार. गेली जागा.
बायडन: डेलावेअर. ३ मतं, तीही आधीच खिशात. स्वतः अध्यक्षपदासाठी उभे होते तेव्हा आयोवात एक टक्काही मिळाला नाही, त्याच रात्री घरी गेले.

हिशेबाने केन. माझे दहा डॉलर.

जुना_जाणता | ३१ जुलै

राज्याचा हिशेब केनेडींच्या काळात चालायचा. १९९२ मध्ये अर्कान्सासच्या क्लिंटनने शेजारच्या टेनेसीचा गोर घेतला, तेव्हा सगळे हिशेबनीस तोंडात बोट घालून बसले होते. २००० मध्ये धाकट्या बुशनी तीन मतांच्या वायोमिंगचा चेनी घेतला. आता रनिंग मेट राज्यासाठी घेत नाहीत, स्वतःत काय कमी आहे ते झाकण्यासाठी घेतात. ओबामाला सिनेटात चार वर्षंही झाली नाहीत. मी बायडन म्हणतो.

खवचट_काका | ३१ जुलै

बायडन? म्हणजे तेच ना, डेलावेअरमध्ये सेव्हन-इलेव्हन किंवा डंकिन डोनट्समध्ये शिरायचं तर बोलण्यात भारतीय लहेजा लागतो म्हणणारे? आणि ओबामालाच ‘स्वच्छ आणि बोलका’ म्हणून प्रशस्तिपत्र देणारे? घ्या घ्या. पुढची चार वर्षं हा धागा बंद पडायचा नाही.

पुणेरी_पाटी | २३ ऑगस्ट

इथे दुपारी चहा घेता घेता बातमी पाहिली. बायडन! तुम्ही सगळे झोपलात की काय?

टेक्सास_ताई | २३ ऑगस्ट

झोपलो होतो हो! ‘सर्वांत आधी तुम्हाला कळवू’ म्हणून फोन नंबर घेतला होता त्यांनी. आमच्याकडे रात्री दोननंतर एसेमेस आला, पूर्वेला तीन वाजून गेले होते. आणि टीव्हीवाल्यांनी ते आधीच फोडलं होतं. नवरा दचकून उठला, त्याला वाटलं भारतातून कोणाचं काही. पहाटे तीनचा फोन खरंच आला म्हणायचा.

जुना_जाणता | २३ ऑगस्ट

हिशेबनीस, दहा डॉलर.

जॉर्जियावर रशियाने रणगाडे घातले तेव्हाच मला खात्री पटली होती. बायडन लगेच तिबिलिसीला जाऊन आले. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष आहेत ते. पुण्याच्या मंडळींसाठी: भारत-अमेरिका अणुकराराच्या बाजूचा माणूस आहे. फेब्रुवारीत दिल्लीला येऊन ‘लवकर पाठवा, नाहीतर आमच्याकडे वेळ उरणार नाही’ असं मनमोहनसिंगांना सांगून गेले होते. तुमच्या सरकारने विश्वासठराव जिंकायलाच २२ जुलै उजाडवली.

रानजाई | २३ ऑगस्ट

हिलरीची तपासणीसुद्धा केली नाही म्हणे. कागदपत्रंच मागितली नाहीत. न घेणं समजू शकते. विचारलंही नाही, हे लागलं.

बायडनबद्दल तक्रार नाही. बायको आणि मुलगी अपघातात गेल्यावर दोन मुलांसाठी रोज विल्मिंग्टनहून वॉशिंग्टनला रेल्वेने ये-जा करणारा माणूस. मी नोव्हेंबरात मत ओबामालाच देणार, कोणी शंका घेऊ नये. फोन मात्र आता लगेच करणार नाही.

मिशिगनमामा | २९ ऑगस्ट

मॅककेनने रनिंग मेट म्हणून निवडलेली ही सेरा पेलिन कोण???

खवचट_काका | २९ ऑगस्ट

अलास्काच्या गव्हर्नर. दोन वर्षंही झाली नाहीत. त्याआधी वसिला नावाच्या गावच्या महापौर. मॅककेनचा आज ७२ वा वाढदिवस, स्वतःला भेट दिलीय.

एडिसनकर | २९ ऑगस्ट

कालच डेन्व्हरच्या अधिवेशनात ऐंशी हजारांपुढे ओबामाचं भाषण झालं, आज सकाळी त्याची चर्चा चालायला हवी होती. चालली का? नाही. सगळे अलास्काचा नकाशा शोधतायत. चाल म्हणून मानलं. पण सहा महिने ‘अनुभव, अनुभव’ म्हणून ओबामाला झोडपलं आणि हातातलं तेच शस्त्र स्वतःच खाली ठेवलं.

रानजाई | २९ ऑगस्ट

डेटनच्या सभेत पेलिनने हिलरीचे एक कोटी ऐंशी लाख तडे काढले. म्हणे अमेरिकेच्या स्त्रियांचं काम अजून संपलेलं नाही. माझा एक तडा त्यात मोजला असेल तर मला परत हवा आहे. हिलरीच्या एकाही धोरणाशी जुळत नाही आणि बाई आहे म्हणून आम्ही उठून तिकडे जायचं? मेमध्ये जिंदलवरून एडिसनकर जे म्हणाले तेच आज माझं उत्तर.

एडिसनकर, सोमवारपासून फोन करायला पुन्हा जाते आहे. तुमच्या एडिसनच्या कचेरीत मराठी बोलणारं कोणी हवंय का? गुजराती आणि तेलुगू भरपूर आहेत असं ऐकलं.

एडिसनकर | २९ ऑगस्ट

हवंय. नावनोंदणीची मुदत इथे १४ ऑक्टोबर आहे, आणि नव्याने नागरिक झालेले कितीतरी आपले लोक अजून नोंदलेलेच नाहीत. यादी मी पाठवतो.

टेक्सास_ताई | २९ ऑगस्ट

आमच्याकडे ६ ऑक्टोबर. नवऱ्याची शपथ सप्टेंबरात आहे, झाली की त्याच दिवशी फॉर्म भरून घेणार. या वेळी गाडीत मी बसणार.

हिशेबनीस | ३० ऑगस्ट

जाणत्या काकांना दहा डॉलर पाठवले. पण एक नोंद राहू द्या. मार्चपासून आपण इथे ओहायो, व्हर्जिनिया, इंडियाना अशी राज्यं मोजली. शेवटी दोन्ही पक्षांनी काय घेतलं? डेलावेअर ३, अलास्का ३. दोन्ही मिळून सहा मतं, आणि तीही ज्याची त्याला आधीच मिळालेली. २ ऑक्टोबरला सेंट लुईसला दोघांचा वादविवाद आहे, त्याचा धागा ज्याला काढायचा त्याने काढा. पैज मी लावणार नाही.